काका, चिंचेच्या हातून आठ शिवराया वाचल्या

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. मी केली तीच चूक दिवाळीच्या साफसफाईत अजून कितीतरी घरांत होत असणार.

आजीच्या देव्हाऱ्यातल्या डबीत नऊ शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, आणि पाच चांदीचे रुपये होते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी एका शिवराईला चिंच-मीठ लावलं आणि तांब्या घासतात तशी खसाखसा घासली. लख्ख गुलाबी निघाली. उरलेल्या आठ घासायच्या आधी किंमत विचारावी म्हणून गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गेले, तिथून एका सराफांनी जुन्या नाण्यांचे जाणकार म्हणून तुमच्याकडे पाठवलं.

तुम्ही रागावला नाहीत. घासलेली आणि न घासलेली शिवराई शेजारी ठेवलीत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. काळपट नाण्यावर ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत स्वच्छ वाचता येत होतं, कडेचे ठिपकेसुद्धा उठून दिसत होते. माझ्या गुलाबी नाण्यावर ‘शिव’ची वेलांटी पुसली गेली होती आणि जिकडेतिकडे बारीक खड्डे पडले होते. “ताई, जुन्या तांब्यावर जो थर चढतो ना, अक्षरांची धार त्यातच असते. चिंचेनं थर गेला, धारही गेली.” शिवराई १६७४च्या राज्याभिषेकापासून पेशवाईच्या अखेरपर्यंत वेगवेगळ्या टांकसाळींत पडत राहिली. आपली कुठली, हे बरंचसं अक्षरांच्या वळणावरून कळतं. ते वळणच मी घासून टाकलं, हे ऐकून मला तिथेच रडू आलं होतं.

तेव्हा ‘जुनं नाणं धुवायचंच नाही’ एवढं सांगून तुम्ही मला वाटेला लावू शकला असता. तुम्ही मात्र एकेक नाणं हातात घेऊन त्याला काय हवंय ते बघितलंत. मातीनं पार लिंपलेली एक शिवराई डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायला लावलीत. दर आठवड्याला पाणी बदलायचं, घासायचं नाही, मऊ झालेली माती बांबूच्या काडीनं फक्त उचलायची. मला घाई व्हायची, तुम्ही फोनवर “राहू दे की अजून” म्हणायचा. सातव्या आठवड्यात ‘छत्र’ दिसलं, पुढच्या रविवारी खाली ‘पति’. आमच्या घरात ते कुणीच कधी वाचलेलं नव्हतं.

दुसऱ्या एका शिवराईवर फिकट हिरवी पूड होती. नखानं उडायची, चार दिवसांत परत यायची. गडद, घट्ट हिरवा थर नाण्याला राखतो, पण ही पूड म्हणजे क्षारांचा रोग, तांबं आतून खाणारा. हिला हात न लावणं धोक्याचं, असं सांगून तिचा उपचार तुम्ही स्वतःकडे घेतलात. डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला सांगितल्यात, कारण आपला पावसाळा.

रुपयांवर चिकट हिरवा थर होता, तो मीच अल्बमच्या मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांत ठेवल्यामुळे. शुद्ध ॲसिटोनमध्ये, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, थोडा वेळ बुडवल्यावर तो सुटला, वर्षानुवर्षांचं तेलकट हळद-कुंकूही गेलं, आणि चांदीला काही झालं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर आणला होता, तो तुम्ही परत पाठवलात, त्यात तेल आणि सुगंध असतो म्हणून. १८६२च्या रुपयावरची निळसर करडी झाक मात्र तशीच ठेवायला लावलीत. उजळायच्या द्रावणात तो पांढरा झाला असता, पण चांदीचा वरचा पापुद्राही गेला असता, आणि जाणकार गिऱ्हाईक असं नाणं हातात घेऊन परत ठेवतं.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या, सातवाहनांच्या काळातल्या कुर राजांच्या शिशाच्या नाण्यांबद्दल बोलताना, शिशाला व्हिनेगर लागलं तर नाणंच झिजत जातं, असं तुम्ही म्हणाला होतात. तेव्हापासून घरात कुणी ‘घरगुती उपाय’ म्हटलं की मी आधी धातू कुठला ते विचारते.

त्या दिवशी माझी सगळी डबी तुम्ही वजनाच्या भावानं घेतली असती, तरी मी आनंदानं दिली असती. तुम्ही खरी किंमत कागदावर लिहून दिलीत आणि विकायची घाई करू नका म्हणालात. चार महिने वेळ दिलात, एक पैसा घेतला नाहीत. हे मी विसरणार नाही.

ती गुलाबी शिवराई तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागदी पाकिटात ठेवली आहे. कडेनं थोडी तपकिरी व्हायला लागलीय असं वाटतंय. रविवारी घेऊन येते, भिंग काढून ठेवा.

आपली,
चिंचवाली ताई