अण्णा, बोटीला काळं फासतोय

ब्रॉन्स्टन, नॉर्थॅम्प्टनशायर
१४ मे

तीर्थरूप अण्णांस,
सा. न. वि. वि.

आमच्या कालव्यातल्या बोटीच्या बुडाला साधं डांबरी बिटुमेन नको, इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा टणक रंग) लावा, असं म्हणत रविवारी फोनवर तुम्ही जावयांची जी हजेरी घेतलीत, ती मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. ते बिचारे "हो अण्णा, बरोबर अण्णा" करत राहिले आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "तुझे वडील आहेत, तूच सांग आता." म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही वाक्य पुरं करू देत नाही, कागदावर तरी द्यावंच लागेल.

माझगाव डॉकमध्ये तुमची उभी हयात गेली. रंगाबद्दल तुम्हाला शिकवायला मी निघालेले नाही. पण तुमच्या डोळ्यांसमोर जहाज आहे आणि आमच्याकडे आहे ती लोखंडाची लांबलचक पेटी. लांबी ५७ फूट, रुंदी ६ फूट १० इंच. कारण इथल्या जुन्या कालव्यांवरची बरीच लॉक (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी दारांची कुंडं) सातच फूट रुंद बांधलेली आहेत. बुडाची प्लेट १० मिलिमीटर, बाजूंची ६, केबिनची ४. पाण्याखाली जेमतेम दोन फूट. समुद्र तिने कधी पाहिलेला नाही, पाहणारही नाही.

डॉकमधलं पाणी उपसायचं पंपहाऊस कुठे आहे, हे तुम्ही दोनदा विचारलंत. पंपहाऊस नाहीच. ड्राय डॉक म्हणजे कालव्याच्या काठाला काढलेला विटांचा अरुंद हौद. इंजिन बंद करून दोरांनी बोट आत ओढायची, तोंडाशी भिंतींतल्या खाचांमध्ये जाड फळ्या एकावर एक सोडायच्या आणि तळाची झडप उघडायची. कालवा उंचावर आणि शेजारचा ओढा खाली, त्यामुळे पाणी आपलं आपण निघून जातं. फळ्यांच्या फटींतून थोडं गळत राहतं. पूर्वीचे लोक तिथे बाहेरच्या बाजूने चुलीतली राख सोडत, ती ओढीबरोबर फटीत जाऊन बसायची. पाणी उतरलं की बोट आडव्या तुळयांवर टेकते. आम्ही राहतोय तिच्यातच, शिडी लावून. पलंग मागच्या बाजूला किंचित कललाय. आणि बेसिनमध्ये पाणी सोडायची सोय नाही, कारण त्याचं भोक बोटीच्या बाजूलाच आहे; वर भांडी घासली की ओला रंग खालपर्यंत धुऊन निघेल. सगळं बादलीत. आईला सांगा, पाण्याची काटकसर करायला तिने शिकवलं ते इथे कामी येतंय.

यार्डाने हे काम करून द्यायचे हजार पौंडांच्या आसपास सांगितले होते. डॉकचं भाडं दिवसावर असतं. ते, रंग आणि भाड्याचं प्रेशर वॉशर धरूनही आमचं त्याच्या निम्म्यात भागतंय. शिवाय "रंगाखाली काय आहे ते रंगवणाऱ्यालाच माहीत" हे मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की दुसऱ्याच्या हाती ब्रश द्यायला जीव धजावला नाही.

बोट पाण्याबाहेर आल्या आल्या धुवावी लागते. शेवाळाचा थर ओला असतो तोवर प्रेशरच्या पाण्याने सोलल्यासारखा निघतो, वाळला की सिमेंट होतो. तुमच्या जहाजांना बार्नेकल धरतात तसे इथे नाहीत, पण नखाएवढे पट्टेरी शिंपले असतात, झेब्रा मसल म्हणतात त्यांना. इंजिन थंड करायची पेटी आतून लावलीय तिथे बाहेरून आणि सुकाणूमागे गुच्छच्या गुच्छ होते. वास विचारू नका. जावयांनी हर्णैच्या बंदराची आठवण काढली, मी म्हटलं हर्णैला निदान मासे तरी मिळतात.

खरं बघण्यासारखं होतं ते पाण्याच्या रेषेवर. तिथे हवा आणि पाणी दोन्ही लागतं, वर लॉकच्या भिंती घासतात, नि हिवाळ्यात कालव्यावर बर्फाची पातळ कड धरते ती तर पत्र्याच्या पात्यासारखा रंग कापून नेते. त्या पट्ट्यात रुपयाएवढे नारिंगी फोड आलेले. स्क्रेपरचा कोपरा घालून एक उचकटला. आत काळा, लोण्यासारखा मऊ गाळ, आणि तो पुसल्यावर खाली चकचकीत, अगदी नव्या चांदीसारखं लोखंड, वाटीसारखं खोलगट. गंजाखाली इतकी चकाकी बघून मला बरंच वाटलं असतं, पण सर्व्हेवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की ती चकाकीच वाईट. सल्फेटवर जगणारे जीवाणू असतात, फोडाखाली हवा पोचत नाही तिथे ते वाढतात आणि लोखंड पोखरतात. नुसत्या वायर ब्रशने ते जात नाहीत. फोड उघडायचा, खरवडायचा, गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खड्डा धुवायचा, सुकू द्यायचा आणि परत धुवायचा. एक सबंध दिवस त्यात गेला. माझं कोपर अजून बोलतंय.

सर्व्हे मुद्दाम करून घेतला. बोट तिशीला आली की बहुतेक विमावाले मागतातच. तुमच्यासारखाच हातोडा वाजवत फिरले ते गृहस्थ, मग अल्ट्रासॉनिक यंत्राने जागोजागी जाडी मोजली. बाजूंना सगळ्यांत कमी ५.१ मिलिमीटर भरली. विमावाले साधारण ४ च्या खालचं चालवून घेत नाहीत, मग वरून दुसरी प्लेट वेल्ड करा म्हणतात. आपली त्यापासून पुष्कळ लांब आहे, तेव्हा रात्री उठून काळजी करू नका.

आता इपॉक्सी. तुमचं म्हणणं मान्य: दोन भागांचं इपॉक्सी बिटुमेनपेक्षा कितीतरी टणक, नीट बसलं तर पाच-सात वर्षं बघावं लागत नाही, आणि डिझेल सांडलं तरी विरघळत नाही. बिटुमेन डिझेलने विरघळतं, दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं. पण या बोटीवर पहिल्यापासून बिटुमेनच चढत आलंय, हातावर हात. त्याच्यावर इपॉक्सी लावलं तर खालचा थर मऊ पडतो, काळं वर फुटून येतं आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. म्हणजे आधी ब्लास्टिंग. तेही तुमच्या एसए अडीचपर्यंत, म्हणजे वाळूच्या माऱ्याने पत्रा जवळजवळ पांढरा होईपर्यंत, आणि ब्लास्ट झाल्यावर त्याच दिवशी पहिला हात, नाहीतर इथल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत तांबूस झाक येते. या डॉकात उघड्यावर ब्लास्टिंगला परवानगी नाही. ते करायचं तर बोट क्रेनने उचलून शेडमध्ये न्यायची आणि खर्च चार-पाच पट. अर्धवट घासलेल्या पत्र्यावर महागडं इपॉक्सी थापण्यापेक्षा साधं बिटुमेन नीट लावलेलं मला पटतं. तुम्हीही हेच केलं असतंत, फक्त कबूल केलं नसतंत!

दुसरी गोष्ट म्हणजे जस्त. फोनवर तुम्ही झिंकचे ॲनोड, म्हणजे लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे ठोकळे, लावा म्हणालात. समुद्रात बरोबर. कालव्याच्या गोड्या पाण्यातून वीज सहजी वाहत नाही, तिथे जस्ताचा जोर अपुरा पडतो आणि त्याच्यावर कडक पापुद्रा धरून ते काम करेनासं होतं. म्हणून इथे मॅग्नेशियम. पुढे दोन, मागे दोन. जुने काढले तेव्हा मागचे दोन पार झिजून खारकेच्या बियांसारखे झाले होते, पुढचे अर्धे शाबूत. त्याचं कारण सापडलं: काठावरून वीज घेतो तिच्या अर्थच्या तारेने शेजारच्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात, आणि आपला ॲनोड दुसऱ्याचं लोखंड वाचवत बसतो. आता मधे तो बारीक प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर घातलाय. नवे ॲनोड यार्डाच्या वेल्डरने लावले. बाहेर तो ठिणग्या उडवतोय आणि आत मी कपाट रिकामं करून, पाण्याची बादली नि अग्निशामक घेऊन बसलेली, कारण आतल्या पत्र्याला फोमचं अस्तर आहे आणि ते पेटलं तर बोट गेलीच. रंगवताना ॲनोडवर कागद चिकटवून ठेवलाय. त्याच्यावर रंग बसला की तो असून नसल्यासारखा.

रंगाला सकाळी दहाच्या आत हात लावत नाही. मे महिना असला तरी इथे पहाटे पत्रा घामेजलेला असतो आणि दव पुरतं उडेपर्यंत थांबावं लागतं. खड्डे आणि वेल्डच्या सांध्यांवर आधी ब्रशने दाबून भरायचं, मग मोकळ्या जागेवर रोलर. तीन हात सगळीकडे, पाण्याच्या रेषेवर चौथा. बुडाखाली तुळयांवर झोपून जेवढा हात पोचला तेवढं केलं. इथे याबद्दल दोन तट आहेत. एक म्हणतो बूड चिखलात घासतं, तिथे ऑक्सिजन कमी म्हणून गंजही कमी, रंग वाया जातो. दुसरा म्हणतो लोखंड ते लोखंड. मी दुसऱ्या तटात. नाकात थेंब पडल्यावर थोडा वेळ पहिल्या तटात गेले होते. तुळया जिथे टेकल्यात तेवढे पट्टे मात्र तसेच राहणार. पुढच्या वेळी बोट वीतभर पुढे घेऊन बसवायची, असं वहीत लिहून ठेवलंय.

एक गंमत सांगते. लाकडी बोटींच्या काळात इथले लोक डांबरात गाईचे केस आणि घोड्याची लीद घालून ते कढत कढत लाकडाला लावायचे. चॅलिको म्हणायचे त्याला. बोट ओढायला घोडाच, त्यामुळे लीद फुकट. आपल्या खालच्या आळीतल्या तात्यांची होडी शाकारायच्या आधी माशाचं तेल चोपडायचे, आणि आठ दिवस आई त्या बाजूच्या खिडक्या उघडू द्यायची नाही. कोणाचा वास जास्त, यावर मी मत देणार नाही.

शेवटच्या हाताला दोन दिवस सुकायला दिलेत. शनिवारी तळाची झडप बंद करून पाणी आत घेऊ. त्याआधी शाफ्टची ग्लँड (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जोडणी) तपासायची आणि पाण्यातल्या पंख्यावरच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आवळलाय ना ते बघायचं. हे झाकण सैल राहून बोटी बुडाल्याच्या गोष्टी इथे प्रत्येकाकडे आहेत. पाणी चढताना जावई आत टॉर्च घेऊन बसणार, मी वर दोर धरून.

मला एवढंच कळवा: सुकाणूच्या खालच्या बुशमध्ये (दांडा फिरतो त्या कडीत) अंदाजे ३ मिलिमीटर खेळ आहे. सर्व्हेवाले म्हणाले पुढच्या डॉकिंगपर्यंत चालेल. तुम्ही असतात तर आत्ताच बदललं असतंत का? फोनवर सांगा, पण या वेळी माझ्याशी बोला, जावयांशी नको.

गुडघ्याला तेल लावताय ना? दादाला, वहिनीला नमस्कार, पिल्लांना पापा. आईला सांगा, तिने पाठवलेलं मेतकूट संपत आलंय.

तुमची,
छोटी