पाचोळ्यातल्या कोळ्यांबद्दल पण छापा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या खानापूर तालुक्यात अस्वल दिसलं की लगेच बातमी येते, ते बरोबरच आहे, पण जांबोटी-कणकुंबीकडं झाडाखालचा ओला पाचोळा पांढऱ्या कागदावर झाडून बघा, केशरी टिपक्यासारखे कोळी पळताना दिसू शकतात, त्यांच्याबद्दल कोण लिहिणार? ह्यांना गॉब्लिन स्पायडर म्हणतात, फॅमिली म्हणजे कूळ ऊनोपिडी, १८९० मध्ये सिमों ह्या फ्रेंच अभ्यासकानं मांडलेली. साइज बहुतेक १ ते ३ मिलिमीटर, डोळे आठ नाही तर साधारण सहाच, आणि बऱ्याच जातींच्या पोटावर चक्क कडक ढाल असते! जाळं विणून बसत नाहीत, पाचोळ्यात फिरून शिकार करतात. मुख्यतः उष्ण प्रदेशातली फॅमिली, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आशिया सगळीकडं. २००६ मध्ये नॉर्मन प्लॅटनिक ह्या अमेरिकन कोळी-अभ्यासकाच्या पुढाकारानं जगभर ह्या कोळ्यांचा शोध सुरू झाला तेव्हा जेमतेम ५०० जाती माहीत होत्या, आता १८०० च्या वर गेल्यात.

आणि आमच्याकडं उन्हाळ्यात तोच पाचोळा पेटवतात, मला ते बघवत नाही. निदान देवराईतला तरी जाळू नका, आणि तुमच्या रविवारच्या पुरवणीत ह्यांचा एक मोठा फोटो छापाच.

आपला एक वाचक, खानापूर