पाढे म्हणवून घ्या हो!

संपादक साहेब, नमस्कार. इंदूरला आमच्याकडे दिवा लागला की शुभंकरोति आणि मग पाढे, असंच होतं, आता नातू सात गुणिले आठसाठी मोबाईल काढतो तेव्हा फार वाईट वाटतं. शाळेत दो दूनी चार, घरी मी बे दुणे चार म्हणवून घेते, दोन्ही चालतात त्याला. दहापर्यंतचे 100 गुणाकार बघून मुलं घाबरतात पण सात आठे आणि आठ साते दोन्ही छप्पन्नच ना, म्हणजे पाठ करायचे फक्त 55, हे कळलं की हुरूप येतो. रोज दहा मिनिटं उलटसुलट विचारा, नुसतं घोकून नाही होत. आणि ज्यांना दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, येते त्यांनी प्लीज मुलांना शिकवा, दीड किलो भाजीचा हिशेब तोंडी होतो.

एक आजी, इंदूर