फिटर हाही विक्रेताच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या दुकानांच्या विक्रीची चर्चा जाहिरात, सवलत आणि ऑनलाइन स्पर्धा यांभोवतीच फिरते. तालुक्याच्या गावी अशा दुकानांचे हिशेब लिहिताना मला मात्र असे दिसते की, विक्रीचा मोठा भाग ज्यांना कोणी विक्रेता म्हणत नाही अशा माणसांच्या हातून होतो.

शेतीपंप विकणारे आणि मोटर रिवाइंडिंग करून (जळालेल्या मोटरची तार नव्याने भरून) देणारे दुकान घ्या. मोटर जळाली की शेतकरी मालकाच्या आधी फिटरला फोन लावतो. बोअरमधून मोटर वर काढल्यावर ती कमी दाबाच्या विजेने जळाली, एक फेज गेल्याने जळाली की पाणी खाली गेल्यामुळे कोरडी चालून जळाली, हे फिटर बांधावरच सांगतो; आणि जुनीच भरून घ्यावी की नवी घ्यावी, केबल बदलावी की पॅनेलमध्ये प्रिव्हेंटर (फेज गेली की मोटर बंद करणारे उपकरण) बसवून भागेल, हेही तिथेच ठरते. दुकानात उरते ती फक्त भावाची घासाघीस. ‘तुम्हाला पाच हॉर्सपॉवरची पुरे, साडेसातची घेऊ नका’ असे फिटरने सांगितले तर त्या दिवशीचे बिल कमी होते खरे, पण पुढे पाइप, ठिबकचे साहित्य, घरची मोटर हे सारे त्याच गिऱ्हाइकाच्या खात्यावर चढत गेलेले मी पाहतो.

उधारीच्या वसुलीला जाणाऱ्या मुलाचेही तेच. उसाचे बिल जमा व्हायच्या आधी चारचौघांत पैसे मागितले, तर उधारी कदाचित वसूल होते. गिऱ्हाईक मात्र शेजारच्या दुकानात जाते. बिले लिहिणाऱ्याला तर अनेक ठिकाणी एकच वाक्य पाठ असते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी किमतीच्या १० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के) रक्कम भरून पुरवठादार स्वतः निवडतो आणि पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. तिथेही पहिला प्रश्न, बिघाड झाला तर माणूस कोणाचा येतो, हाच असतो.

एवढे असूनही कमिशन मिळते ते काउंटरवरच्या सेल्समनला. फिटरलाही प्रत्येक पंपामागे कमिशन द्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण मग गावातली एकही मोटर दुरुस्तीयोग्य उरणार नाही! त्याला वर्षअखेरच्या नफ्यात वाटा द्यावा आणि किरकोळ सुटा भाग जागेवरच बदलून देण्याचा अधिकार द्यावा. वसुलीला कधी जायचे, हे गिऱ्हाइकाच्या पिकाचे पैसे केव्हा येतात ते पाहून मालकाने स्वतः ठरवावे. पंप कंपन्यांच्या मेळाव्यांना आणि टार्गेट पूर्ण केल्याच्या सहलींना आज मालकच जातात. व्यापारी संघटनांनी कंपन्यांकडे निदान फिटर आणि बिल लिहिणाऱ्यांसाठी वर्षातून एक दिवसाचे प्रशिक्षण मागावे.

आपला,
एक हिशेबनीस