हेल्मेटवरचा इस्पिक आणि आतला क्रमांक

मा. संपादक,
स. न.

चिन्हे रंगवलेल्या अमेरिकी हेल्मेटांवर आपल्या पुरवणीत लेख आला आहे. ‘चिन्हावरून सैनिक सापडतो’ हे त्यातले विधान मात्र पटले नाही. चिन्ह फार तर बटालियनपर्यंत नेते. दुसऱ्या महायुद्धात १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनची ५०२वी रेजिमेंट बदाम रंगवायची, ५०६वी इस्पिक, ५०१वी चौकट, ३२७वी किलवर. बाजूला बारीक खूण असते. घड्याळातल्या तीनच्या जागी असली तर पहिली बटालियन, सहाला दुसरी, नऊला तिसरी, बाराला मुख्यालय.

माणूस सापडतो तो आतल्या लायनरमध्ये, म्हणजे पोलादी टोपाच्या आत बसणाऱ्या हलक्या टोपात. तिथे पुष्कळदा आडनावाचे आद्याक्षर आणि सेवाक्रमांकाचे शेवटचे चार आकडे असतात. समजा, ‘के ४२१७’. अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराने सुमारे ९० लाख भरती-नोंदी इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत (अधिकारी त्यात नाहीत). चार आकड्यांचे प्रकार दहा हजार, म्हणजे एकेकाच्या वाट्याला नऊशेच्या आसपास नावे. आद्याक्षर लावले की तीस-चाळीस उरतात. ‘एस’ निघाला तर कपाळाला हात, त्या अक्षराची आडनावे फार. मग ती नावे कंपनीच्या (बटालियनमधल्या तुकडीच्या) रोजच्या हजेरी-अहवालांशी ताडायची. सैनिकाच्या फाइलवर भिस्त ठेवू नये. १२ जुलै १९७३ला सेंट लुईसच्या लष्करी अभिलेख केंद्राला लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल-सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या.

खरी फसगत पुढेच आहे. लायनर आणि पोलादी टोप सुटे असतात, त्यामुळे एकाचे लायनर दुसऱ्याच्या टोपात सहज बसते. पोलादी टोपाच्या कडेच्या पट्टीचा सांधा पाहा: तो आधी पुढे असे, १९४४च्या अखेरीस मागे गेला. मागे सांधा आणि ‘नॉर्मंडीत (जून १९४४) वापरलेला’ इस्पिक, हे जमतच नाही. युद्धकाळातल्या रंगात कॉर्कचा भुगा असे. वापराने त्या दाण्यांची टोके आधी झिजतात आणि त्यांच्यावरचे चिन्हही तिथेच उडते. टोके घासलेली, गंज चढलेला आणि वर पांढरा इस्पिक अखंड, तर तो नंतर रंगवलेला समजावा. थिनरने पुसून मात्र पाहू नये, अस्सल रंगही जातो.

इटलीत लढलेल्या मराठा पलटणींना हा हिशेब लागू नाही. भारतीय सैनिकांचे क्रमांक रेजिमेंटवार होते, तेव्हा पलटण माहीत नसेल तर नुसता आकडा कुचकामी. सैनिक कामी आला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत क्रमांक, पलटण आणि बऱ्याचदा वडिलांचे नाव व गावही मिळते. इटलीत कामी आलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे नाव तिथल्या कॅसिनो स्मारकावर आहे, ते याच नोंदींत सापडते.

— एक वाचक, पुणे