गोखल्यांना यात ओढू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या खासदारांच्या लोकसभेतील भाषणाचे तीन स्तंभी वृत्त वाचले. ‘खासदारांनी सभागृह गाजवले’ या शीर्षकाबद्दल तक्रार नाही. गाजवल्याशिवाय आपल्याकडे हल्ली कुणी बोलतच नाही. दोन शेर छापलेत, तेही अर्थासकट. कोण उठून उभे राहिले, कोण हसले, वेळ संपल्यावरही खासदार कसे बोलतच राहिले, सगळे आले. पण शेवटच्या परिच्छेदात आपल्या प्रतिनिधींना ‘नामदार गोखल्यांच्या अर्थसंकल्पीय भाषणांची आठवण झाली’, तिथे मी चष्मा काढून ठेवला. आठवण नक्की कुणाला झाली? प्रतिनिधींना, की खासदारांच्या स्वीय सहायकांकडून आलेल्या मजकुरातच ती होती?

गोखले २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले, तेव्हा अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होते. सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई, पण उत्तर पटले नाही तर त्यावर पुरवणी प्रश्न विचारायची सोय नव्हती. ती १९०९ च्या कायद्याने आली. अशा सभागृहात उभे राहून या माणसाने सांगितले की लोक दुष्काळाने पिचलेले असताना सरकारी तिजोरीत शिल्लक पडते आहे, ही भरभराटीची खूण नव्हे, कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो आहे. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक. प्राप्तिकराची किमान मर्यादाही १९०३ मध्ये वार्षिक ५०० वरून १००० रुपयांवर गेली. सगळे श्रेय एकट्या गोखल्यांच्या पदरात टाका, असे मी म्हणत नाही. पण त्या भाषणांमागे आकड्यांची मेहनत होती आणि ते आकडे जुळवून द्यायला गणेश व्यंकटेश जोशींसारखा शाळामास्तर होता. आमच्या खासदारांना आकडे कोण पुरवतो ते माहीत नाही. शेर कोण पुरवतो, याचा अंदाज आहे.

आता मुद्द्यावर येतो. खासदारांनी भाषणात ‘ज्येष्ठांचा आरोग्य विमा आम्ही करमुक्त करून घेतला’ असे सांगितल्याचे आपण ठळक टाइपात छापले आहे. महोदय, माझा झालेला नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य झाला तो वैयक्तिक पॉलिसींवर. समूह पॉलिसींवर १८ टक्के आहे तसाच आहे. आता हा ‘समूह’ म्हणजे काय ते ऐका. मी ज्या संस्थेतून निवृत्त झालो तिथल्या निवृत्तांची एकत्र पॉलिसी आहे. संस्था हप्त्याचा एक पैसाही देत नाही. ज्याने त्याने आपापल्या पेन्शनमधून भरायचा. नोव्हेंबरात नूतनीकरणाची नोटीस आली. मूळ हप्ता ४८,००० रुपये. खाली केंद्राचा ९ टक्के कर ४,३२०, त्याखाली राज्याचा ९ टक्के, पुन्हा ४,३२०. एकूण ५६,६४०. मला वाटले, जुनाच नमुना छापला गेला असेल. नोटीस घेऊन विमा कंपनीच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरची मुलगी चांगली होती, खुर्ची दिली, पाणी विचारले. म्हणाली, “काका, ते झीरो तुम्हाला नाही. तुमची ग्रुप पॉलिसी आहे ना.”

“अगं, ग्रुप कसला? पैसे मी एकटा भरतो.”

“हो काका, पण सिस्टीममध्ये ग्रुपच येतं.”

तिचा काय दोष? शेजारच्या काउंटरवर माझ्याच वयाचे एक गृहस्थ वैयक्तिक पॉलिसीचा धनादेश देत होते. त्यांच्या पावतीवर कराचा रकाना कोरा. आजार तेच, रुग्णालये तीच, गोळ्याही बहुधा त्याच. ते ज्येष्ठ नागरिक आणि मी समूह!

‘मग तुम्हीही वैयक्तिक पॉलिसी घ्या’ असे सांगणारे भेटतात. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, बायपास झाली आहे, मधुमेह आहे. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. एका एजंटाला फोनवर हप्ता विचारला आणि आकडा ऐकून फोन ठेवला.

गंमत अशी की माझे उत्पन्न १२ लाखांच्या बरेच आत आहे, म्हणजे प्राप्तिकर मला लागत नाही आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण प्राप्तिकराच्या बाजूने सरकार म्हणते, ‘काका, तुमच्याकडून काही घ्यावे अशी तुमची परिस्थिती नाही’, आणि विम्याच्या बाजूने ८,६४० रुपये घेऊन जाते. जीएसटी उत्पन्न विचारत नाही. मिठावरचा करही विचारत नव्हता. गोखल्यांचा राग त्याच्यावरच होता, हे आपल्या प्रतिनिधींच्या आठवणीत आले असते तर बरे झाले असते.

राहिला श्रेयाचा प्रश्न. जीएसटीचा दर खासदारांच्या भाषणाने बदलत नाही. तो केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतो. विम्याचा निर्णय ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीतला आहे. तिथे केंद्राचे मत एक तृतीयांश वजनाचे, राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागते. म्हणजे खासदारांना खरेच काही करायचे होते तर आपल्याच राज्याच्या अर्थमंत्र्यांना गाठून ‘पुढच्या बैठकीत निवृत्तांच्या समूह विम्याचा विषय काढा’ एवढे सांगायचे होते. तिथे कॅमेरे नसतात, ही अडचण मी समजू शकतो. नितीन गडकरींनी जुलै २०२४ मध्ये विम्यावरचा १८ टक्के कर काढा, असे पत्र केंद्रीय अर्थमंत्र्यांना लिहिले होते. नागपूरच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने निवेदन दिले होते, त्यावरून. स्वतः मंत्री असून लिहिले. पुढच्याच महिन्यात विरोधी खासदारांनी याच मागणीसाठी संसदेबाहेर निदर्शने केली. आरोग्य विम्यावर २०२३-२४ मध्ये ८,२६३ कोटी रुपये जीएसटी गोळा झाला, हे सरकारला संसदेत सांगावे लागले तेही त्याच सुमारास. पत्र, प्रश्न, आकडा या वाटेने कर कमी झाला. आमचे खासदार त्या वाटेवर कुठे होते, ते मी शोधायचा प्रयत्न केला.

लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याचे नाव टाकले की त्याने विचारलेले प्रश्न उत्तरांसकट दिसतात. मुलीने मला काढून दिले. रेल्वेचा थांबा, महामार्गाचे काम, मोबाइलचे टॉवर; सगळे रास्त आहे, थांबा मलाही हवा आहे. विम्यावर एक प्रश्न नाही. समूह विम्यावर तर नाहीच. आणि जे आहेत ते बहुतेक अतारांकित, म्हणजे लेखी उत्तर आले की विषय संपला. तारांकित प्रश्न पुकारला गेला तर मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. गोखल्यांना पहिली काही वर्षे जे मिळाले नाही ते आमच्या खासदारांच्या हाताशी आहे. वापरतात का? आपल्या प्रतिनिधींनी कधी मोजले आहे?

प्राप्तिकराचा नवा कायदा आठवतो का? ५३६ कलमांचा, १९६१ चा कायदा मोडीत काढणारा. ११ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने तो गोंधळात, चर्चेविना, काही मिनिटांत संमत केला. त्या दिवशी कुणालाच कुणाची आठवण झाली नाही. त्याआधी खासदारांच्या प्रवर समितीने मूळ मसुदा वाचून दुरुस्त्या सुचवल्या होत्या. उशिरा विवरणपत्र भरणाऱ्याचा परतावा बुडेल असे कलम होते, ते काढा म्हणून सांगितले आणि ते निघाले. समितीच्या बंद खोलीत बसून हे कुणी वाचले, कुणी हरकत घेतली, यावर आपल्या दैनिकात चार ओळी आल्याचे मला स्मरत नाही. शेर मात्र अर्थासह!

जाता जाता एक घरची तक्रार. सप्टेंबरात मी आपल्याला याच विषयावर पत्र पाठवले होते. सौजन्य म्हणून पहिल्या दोन वाक्यांत निर्णयाचे स्वागत केले होते आणि ‘परंतु’पासून पुढे समूह विम्याचे काय, असा प्रश्न होता. आपण ती दोन वाक्ये ‘स्वागतार्ह निर्णय’ या मथळ्याखाली छापलीत आणि ‘परंतु’पासून पुढचे सगळे कापलेत. माझे नाव मात्र पूर्ण छापलेत. दुसऱ्या दिवशी खासदारांच्या कार्यकर्त्यांनी ते कात्रण व्हॉट्सअॅपवर फिरवले, ‘ज्येष्ठांकडून खासदारांचे आभार’ म्हणून. आमच्या पेन्शनरांच्या गटात मला अजून विचारतात, ‘काय हो, तुमचा तेवढा माफ झाला वाटतं?’ काय उत्तर देऊ?

तेव्हा विनंती अशी की आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधींनी खासदारांना गाठून एवढेच विचारावे, की निवृत्तांच्या समूह विम्यावर तारांकित प्रश्न कधी देणार, आणि जे उत्तर मिळेल ते जसेच्या तसे छापावे. तीन स्तंभ नकोत, एक पुरे. आणि हे पत्र जागेअभावी कापायचेच झाले तर या वेळी वरून कापा, खालून नको.

आपला,
एक निवृत्त वाचक
(नाव या वेळी छापू नये. पत्ता आपल्याकडे आहेच.)