बाबांची पाठ

बावधन, पुणे
११ जानेवारी

प्रिय दिग्या,
सप्रेम नमस्कार.

काकूंच्या, तुझ्या आईच्या, वर्षश्राद्धाला मी आलो नाही, साधा फोनही केला नाही. कारण तुलाही ठाऊक आहे. तुमच्या पडवीत तू जे बोललास ते दोन वर्षं घशात अडकून बसलं होतं. काकूंच्या पायांना तेल चोळता चोळता, मान वर न करता तू विचारलंस, "मन्या, नमस्कार सोडून काकांच्या अंगाला तू शेवटचा हात कधी लावलास?" काका म्हणजे माझे बाबा. मी जेवणावरून उठलो आणि रात्रीची एसटी धरली. वहिनींनी मासे तळायला घेतले होते, ते तसेच राहिले. आज लिहितोय, कारण परवा इथे जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "बरं, मग?" म्हणेल. ते तुलाच कळेल.

आम्ही सगळे ठीक. माझं बीपी गोळीवर आहे, स्मिताची मान अधूनमधून धरते. आता मूळ गोष्ट.

यंदा थंडी कडक आहे. पाषाणला पहाटे पारा आठ-नऊपर्यंत उतरतोय आणि आम्ही त्याच टेकडीच्या अंगाला. तुमच्याकडे थंडीतही हवेला ओल असते, इथे दुपारी हवा इतकी कोरडी की दोरीवरची जाड चादर तासाभरात खडखडीत होते. त्यात सोसायटीचं पाणी बोअरचं आणि टँकरचं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. साबणाला फेस येत नाही, त्याचा चिकट साका होऊन अंगावरच राहतो. आपल्या वाड्यात उलट होतं. खडकवासल्याच्या त्या मऊ पाण्यात साबण अंगावरून सुटायचाच नाही, बुळबुळ जाईना म्हणून आपण तांब्यावर तांबे ओतायचो आणि तुझी आजी नळ बंद करायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दीड-दोनला आवाज यायला लागला. खर्र, खर्र. मला वाटलं उंदीर. जाऊन पाहिलं तर बाबा अंधारात पलंगावर बसलेले आणि हातात ती फूटपट्टी. तीच रे, ऑफिसातून आणलेली, पितळी कडेची. तुझ्यामाझ्या तळहातांना जिची चांगली ओळख आहे ती. बंडीत पाठीमागून घालून खाजवत होते. मी दिवा लावला तर म्हणाले, "काही नाही. झोप जा." सकाळी बंडी धुवायला घेतली तर आतून रक्ताचे ठिपके. आणि नडग्या! मे महिन्यात तळं आटलं की तळाचा चिखल तडकतो ना, अगदी तशा. चादर झटकली की पांढरा कोंडा उडायचा.

आता जे सांगतो त्याचं मला फार वाईट वाटतं. मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेलो आणि म्हणालो, खाजेवर काहीतरी द्या. चिठ्ठी त्याने मागितली नाही, माझ्याकडे नव्हतीही. एक ट्यूब मिळाली. तिसऱ्या दिवशी बाबांची खाज थांबली आणि मला वाटलं, सुटलो. तीन आठवडे ते लावत राहिले. अर्णवच्या कोपरांच्या आतल्या बाजूला दर थंडीत लाल चट्टे येतात, तिथेही मी तीच ट्यूब लावली. दिग्या, नऊ वर्षांच्या पोराला! ट्यूब संपली आणि चार दिवसांत दुप्पट आग. बाबांच्या नडगीची कातडी चकचकीत, पातळ झाली होती, खालच्या निळ्या शिरा दिसत होत्या. फूटपट्टी पुन्हा उशाशी आली.

मग कोथरूडला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे दोघांना घेऊन गेलो. बाई वयाने आपल्याहून लहान, पण बाबांपुढेही आवाज चढवू शकतात अशा. त्यांनी आधी बोटांच्या बेचक्या, मनगटं, कंबर भिंगातून पाहिली आणि विचारलं, घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते का? खरूज असली तर सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावं लागतं, नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते. खरूज नव्हती. मग रक्त तपासायला सांगितलं. म्हाताऱ्या माणसाची खाज कधी कधी मूत्रपिंडाची, यकृताची, थायरॉइडची किंवा साखरेचीही असते म्हणे. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत तुझा नंबर मी चारदा काढला आणि चारदा फोन खाली ठेवला. रिपोर्ट चांगले आले.

मग ट्यूब. त्यांनी ती उलटी करून मागची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली. एक कडक स्टिरॉइड, एक जंतूंवरचं, एक बुरशीवरचं. "यातलं कोरड्या कातडीवरचं कुठलं?" मी गप्प. स्टिरॉइड वाईट नाही, म्हणाल्या, पण कुठलं, कुठे आणि किती दिवस हे बघणाऱ्याने ठरवायचं असतं. अर्णवच्या चट्ट्यांना एक सौम्य मलम दिलं, तेही मोजून सात दिवस. मी बाबांसाठी खाजेची गोळी मागितली, ती दिली नाही. त्या गोळीने या वयात गुंगी येते आणि माणूस रात्री बाथरूमला उठताना पडतो. हाडापेक्षा खाज परवडली, म्हणाल्या.

बाबांचा सगळ्यात मोठा आक्षेप पाण्यावर होता. बंब गेला आणि गीझर आला, पण पाणी तेच, तांब्या धरणाऱ्याचा हात भाजेल असं. आणि तो लाल साबण दोन वेळा, डोक्यापासून पायापर्यंत. बाईंनी कोमट पाणी सांगितल्यावर ते म्हणाले, "ऐंशी वर्षं याच पाण्याने अंघोळ करतोय." बाईंनी विचारलं, "काका, तुपाची कढई कशाने निघते?" बाबा म्हणाले, "कडक पाण्याने आणि साबणाने." आणि तिथेच थांबले. मी त्यांना इतकं चटकन गप्प झालेलं आजवर पाहिलेलं नाही. कातडीच्या पेशींच्या मधल्या फटींत तुपासारखंच स्निग्ध सारण भरलेलं असतं, विटांमधल्या चुन्यासारखं. आतलं पाणी ते धरून ठेवतं. वयाबरोबर ते कमी होतं, अर्णवसारख्या पोरांत जन्मतःच कमी असतं, आणि उरलेलं आपण रोज सकाळी धुऊन टाकतो.

आता घराची शिस्त अशी झाली आहे. पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांच्या आत. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलं एवढ्यांनाच, तोही बिनवासाचा, सौम्य. अंग पंचाने टिपायचं, घासायचं नाही. आणि अंग ओलसर आहे तोवर, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावायचं. कातडीत मुरलेलं पाणी उडायच्या आत त्यावर झाकण बसायला हवं. मी छोटी डबी दाखवून विचारलं, ही महिनाभर जाईल ना? बाई हसल्या. मोठ्या माणसाला सगळ्या अंगाला दोन वेळा लावायचं तर आठवड्याला पाव किलो तरी लागतं. पाव किलो! आम्ही लग्नाच्या पंगतीला श्रीखंड आणावं तशा बरण्या आणल्या. स्मिता म्हणते, या घरात आता क्रीमचाही महिन्याचा किराणा भरायचा.

तेलावरून आईच्या माघारी घरात वाद झालाच. बाबांचं म्हणणं, तेल अंघोळीआधीच लावायचं असतं, दिवाळीला लावतो तसं. अरे, पण दिवाळीला आपण वरून उटणं घासून ते काढूनही टाकतो. अभ्यंग वर्षातून चार दिवस छान. रोज कोरडं पडणाऱ्या अंगाला तेल लावायचं तर अंघोळीनंतर ओलसर अंगावर. खोबरेल चालेल, मोहरीचं नको, त्याने आधीच चिडलेली कातडी आणखी चिडते. आणि लावायचं ते खोलीत खुर्चीवर बसून. बाथरूमच्या फरशीवर तेल सांडलं तर मग हाडवैद्यच. देवापुढे निरांजन लावताना बाबांना बाह्या वर करायला लावतो, कारण व्हॅसलीनसारखं मलम मुरलेलं कापड भसकन पेट घेतं.

अर्णवला स्वेटरखाली सुती सदरा लागतो, लोकर थेट अंगाला टोचली की तो रात्रभर कोपर ओरबाडतो. नखं मी दर रविवारी कापतो. स्मिताचे हात भांड्याच्या साबणाने फुटले होते. रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालायला सुरुवात केल्यावर भरून येताहेत.

आता परवाचं. बाबा सगळं स्वतःच लावून घ्यायचे, दार लावून. पण पाठीपर्यंत हात पोचेना. दोन दिवस त्यांनी त्या फूटपट्टीच्या टोकाला क्रीम घेऊन पाठीला लावायचा प्रयत्न केला, ते मी फटीतून पाहिलं. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून गप्प राहिलो. परवा सकाळी मी पेपर वाचत होतो. ते पंचा गुंडाळून बाहेर आले, माझ्यापुढे उभे राहिले, पाठमोरे झाले आणि म्हणाले, "हं. लाव."

दिग्या, बाबांची पाठ मी जवळून पाहिलीच नव्हती. उजव्या खांद्याखाली एक मस आहे, बरोबर माझ्या आहे त्याच जागी. मणके मोजता येतात. आडवेतिडवे ओरखडे, काही जुने पांढरे, काही ताजे. हात ठेवला तर कातडी गार आणि खरखरीत, आणि त्यांनी क्षणभर अंग आक्रसून घेतलं. मग सैल सोडलं. मी घाबरून वरवर बोटं फिरवत होतो तर म्हणाले, "भिंतीला चुना फासतोयस का? हाताला जोर नाही?" मी जोर लावला. ते डोळे मिटून उभे राहिले. मी संपवलं तरी हलले नाहीत, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

काल त्यांनी विचारलं, "तो कोकणातला तुझा मित्र. त्याची आई भेगांना कसलं तेल द्यायची?" तू कॅरम मोडलास तेव्हा ज्यांनी तुला वाड्याबाहेर काढलं त्यांनी विचारलं, आणि वर म्हणाले, "बाई फार हातगुणाची होती." मला काकूंचा तो मुठेलचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, गोळा आठवला. वाटीत ठेवून चुलीच्या निखाऱ्यावर वितळवायच्या आणि कापसाच्या बोळ्याने गरम गरम टाचांच्या भेगांत भरायच्या. आपण बोंबलायचो आणि रात्री जुने मोजे घालून झोपायचो. डॉक्टरबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, कोकमाचं तेल टाचांना उत्तम, फक्त भेगेतून रक्त येत असेल तर आधी ती भरू द्या आणि फार कढत घालू नका.

तेव्हा एवढं कर. बाजारात मिळतं ते मला नको. तुमच्या आवाटात अजून कुणी बिया कुटून काढत असेल तर दोन गोळे पाठव. पैसे घे, उगाच वाद घालू नकोस.

मुक्ताची बारावी आहे ना यंदा? तिला माझा आशीर्वाद सांग. कलमांना मोहोर आला का? वहिनींना म्हणावं, त्या माशांचं माझ्या डोक्यावर आहे.

आणि पडवीत तू विचारलंस त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आता आहे, परवा सकाळी, साडेआठला.

गोळे एसटीच्या पार्सलने पाठव, स्वारगेटला मी घ्यायला जाईन. स्वतः घेऊन आलास तर बाबा काय म्हणतील ते मला पाहायचं आहे.

तुझा,
मन्या